मोडीच्या भावातले घंगाळ

बाळांनो, तुमच्या पत्रात वाचले की तिकडे लोक सुटीच्या दिवशी आपल्याच अंगणात टेबल मांडतात, घरातल्या जुन्या वस्तू त्यावर ठेवतात आणि येणारे-जाणारे त्या विकत घेतात. धाकटीने अशाच एका अंगणातून दिवा घेतला आणि तो चालतोही, हे वाचून बरे वाटले. आमच्या लहानपणी असे काही होते का, असे तिने विचारले आहे. होते, पण ते बाजारात होते. आपल्या दारात जुनी वस्तू विकायला मांडणे ही आमच्याकडे लाजेची गोष्ट होती. घरातले भांडे विकायचे झाले तर ते लुगड्याच्या गाठोड्यात झाकून न्यायचे आणि कोणाला सांगायचे नाही. अशाच एका न सांगितलेल्या विक्रीमुळे माझ्या ताईचे लग्न मोडायची वेळ आली होती. ते क्रमाने लिहिते.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षे आधीची गोष्ट. मी अकरा वर्षांची होते. वडील वाशीमच्या एका शाळेत मास्तर होते आणि गावाकडे थोडी शेती होती. वाशीमच्या आठवडी बाजारात धान्याच्या ढिगांपलीकडे जुन्या मालाची एक ओळ बसे. काचा नसलेले कंदील, किल्ल्या हरवलेली कुलपे, घोड्याचे खोगीर, छत्र्यांच्या काड्या. माझे इंग्रजी वाचनाचे पहिले पुस्तक त्याच ओळीतले. त्यातल्या शेवटच्या धड्यातली मुलगी वादळात होडीत बसते आणि तिथेच पाने संपतात. तिचे पुढे काय झाले ते मला अजून माहीत नाही.

आईला मात्र त्या ओळीत एकच माणूस दिसे. तो म्हणजे जुनी पितळेची भांडी घेणारा म्हातारा. सगळे त्याला चाचा म्हणत. लोक त्याला भांडी मोडीच्या भावाने, म्हणजे नुसत्या धातूच्या वजनावर विकत. दिवस कलला की चाचा हातोडी काढी आणि उरलेली भांडी ठोकून चपटी करी. चपटी केली म्हणजे पोत्यात जास्त मावत. मग ती वितळवायला जात. त्या हातोडीच्या आधी जो येईल त्याला साबूत भांडे मिळे, आणि तेही नव्याच्या निम्म्या किमतीत. आई बरोबर त्या सुमारास जाई. फार लवकर गेले तर चाचा अडून बसे, उशीर केला तर भांड्याचा पापड झालेला असे.

भांडे पारखायची तिची रीत ठरलेली होती. आधी बोटाच्या पेराने टिचकी मारायची. चीर असेल तर आवाज बसका येतो. मग भांडे सूर्याकडे धरून आत डोकवायचे. भोक असेल तर उजेडाचा ठिपका दिसतो. शेवटी मला पुढे करायचे, कारण आईला वाचता येत नव्हते आणि त्या काळी प्रत्येक भांड्यावर नाव घातलेले असे. नाव ओळखीचे निघाले तर ती भांडे खाली ठेवी. कोणा ओळखीच्याने लपवून विकलेले भांडे आपल्या चुलीपाशी दिसणे तिला बरे वाटत नसे. केरसुणी, गादी आणि जोडे जुने घ्यायचे नाहीत, पण पितळेला विटाळ नाही, चिंच आणि राख लावली की ते नवे, असे ती म्हणे.

त्या वर्षी ताईचे लग्न अनसिंगच्या एका शेतकरी घरात ठरले. हुंडा नको म्हणाले. ताईच्या होणाऱ्या सासूने एवढेच सांगितले, "भांडे पाच द्या इहीनबाई, पन नवे द्या. आमच्या घरी जुन्याचा ढीग पडला हाये." आईने मान डोलावली. चार भांडी वडिलांनी दुकानातून नवी आणली. पाचवे घंगाळ. आंघोळीचे पाणी काढायचे, दोन कड्यांचे, रुंद तोंडाचे ते भांडे सगळ्यांत जड, म्हणून सगळ्यांत महाग. वडिलांचा हात तिथे आखडला.

आणि नेमके त्याच आठवड्यात चाचापुढे एक घंगाळ पडलेले होते. चांगले जाड. एक कडी पितळेची आणि एक तांब्याची, पूर्वीच कधीतरी मागाहून बसवलेली. आईने टिचकी मारली, तसा तो आवाज शेजारच्या कुलूपवाल्यापर्यंत गेला.

"काहून ठोकून राह्यली बाई? मंदिरातली घंटा हाये का थे?" चाचा म्हणाला.

"आवाज बसका वाटते."

"तुहे कान बसले असतीन. असा माल साल-साल नाई येत."

"मंग ठेव सालभर. पाह्य, माणसं उठून राह्यले. आता हातोडी घेशीन अन् याचा पापड करशीन."

चाचाने हातोडीकडे पाहिले आणि भाव उतरवला. आईने मला खूण केली. मी काठावरचे नाव वाचले. एका गृहस्थाचे नाव आणि यवतमाळकडच्या कुठल्याशा खेड्याचे. आईने दोनदा वाचायला लावले. "आपल्या कोनाचंच नाई," ती म्हणाली आणि घंगाळ घेतले.

चूक तिथे झाली, आणि ती आईकडून व्हावी याचे मला आजही नवल वाटते. भांडे आंदणात देतो मुलीचा बाप, म्हणून त्यावर नाव त्याचे असते. मुलगी ते घेऊन सासरी जाते आणि भांडे जन्मभर सासरी नांदते. आईच्या स्वतःच्या हंड्यावर तिच्या वडिलांचे नाव होते. ते भांडे कोणत्या घरातून आले हे त्यावरच्या नावावरून कळणे शक्यच नव्हते.

तांबटाने ते नाव खरवडून तिथे गुळगुळीत केले, चिंचेने घासले, आणि घंगाळ दुकानातल्यासारखे दिसू लागले. आमचे नाव घालायला त्याला सवड मिळाली नाही, कारण लग्नसराई होती. तांब्याची कडी बदलायचे आईने टाळले. "कडी कोन पाहते?" ती म्हणाली.

लग्न गोरज मुहूर्तावर होते. वऱ्हाड सकाळीच आले. दुपारी मांडवाच्या एका कोपऱ्यात आंदणाची भांडी मांडली आणि ताईची सासू चार बायका घेऊन पाहायला आली. मी सरबताचे पेले घेऊन उभी होते. तिने हंडा पाहिला, परात पाहिली, आणि घंगाळापाशी येऊन खाली बसली. तिचा हात तांब्याच्या कडीवर गेला आणि तिथेच राहिला.

"तुमी पोरीकडे जा वं. मी आलीच," ती बायकांना म्हणाली. त्या गेल्यावर तिने आईला हळूच विचारले, "हे कुठून आनलं?"

"बाजारातून."

"नवं हाये?"

आईने मांडवाच्या दाराकडे पाहिले. दिलेला शब्द मोडला होता. ही बाई आता उठून मांडवात दोन शब्द बोलली असती तर वऱ्हाड तसेच परत गेले असते. आत ताई हळदीच्या अंगाने बसलेली होती.

"नाई," आई शेवटी म्हणाली. "जुनं हाये."

"चाचाजोळून घेतलं?"

"हो."

"केवढ्याले?"

आईने सांगितले. तशी ताईच्या सासूने कपाळावर हात मारला. "मेला! मले त्याच्या अर्धेच देल्ले त्यानं!"

मग सासूने सांगितले ते असे. घंगाळ तिच्या सासूचे. सासू ते आपल्या माहेराहून घेऊन आली होती. "तीस वर्स त्यात पानी काढलं म्या. पानी निवलं तं म्हने बापाघरी निवलेल्या पान्यानं न्हात होती का. जास्त तापलं तं म्हने मले सोलतं का. म्हातारी गेली, म्हनलं आता हेबी जाऊ द्या. मालकाले सांगतलं, पितळेची कडी तुटली, वाशीमले बसवाले देल्लं. अन् तुमी थेच माह्या घरी धाडून राह्यल्या!"

"आता?" आई म्हणाली.

"आता मालक येतीन भांडे पाहाले. मायचं घंगाळ थे अंधारातबी ओयखतीन."

म्हणजे आता दोघी एकाच खड्ड्यात होत्या. आईने जुने नवे म्हणून मांडले होते आणि विहिणीने नवऱ्याच्या आईचे भांडे चोरून विकले होते. आईने मला कोठीतून बुंदीचे लाडू आणायला पिटाळले. लाडवांनी घंगाळ काठापर्यंत भरले आणि वरून धुतलेले धोतर टाकले. कड्याही झाकल्या गेल्या. युक्ती वाईट नव्हती. फक्त येणारा माणूस भुकेलेला असेल हे कोणाच्या लक्षात आले नाही.

व्याही आले. उंच, शांत गृहस्थ. हंडा उचलून वजन पाहिले, परात उलटी करून पाहिली. मग म्हणाले, "अन् ह्यात काय हाये?" आणि कोणी काही बोलायच्या आत कापड बाजूला करून एक लाडू घेतला. अर्धा खाल्ला. चावणे थांबले. ते खाली बसले आणि त्यांनी तांब्याची कडी वर उचलली.

"हे तं माह्या मायचं घंगाळ हाये."

मांडवातली पाच-सहा डोकी वळली.

"मंग? थेच हाये," ताईची सासू म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. "तुमाले सांगतलं नोतं का, कडी बसवाले वाशीमले देल्लं म्हनून? इहीनबाईनं सोडवून आनलं. जाताना घेऊन जाऊ म्हनून ठेवलं."

"मंग लाडू काहून भरले त्यात?"

आता आईची पाळी होती. "कोनाचं भांडं रिकामं वापस करत नाई आमी," ती म्हणाली.

हे खरेच होते. आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत जात नसे, निदान चिमूटभर साखर तरी त्यात जाई. व्याह्यांनी मान हलवली. त्यांना ते आवडलेले दिसले. मला वाटले सुटलो. तेवढ्यात त्यांचा अंगठा काठावरून फिरत गुळगुळीत जागेपाशी आला आणि तिथे मागे-पुढे होऊ लागला.

"इथी माह्या आजाचं, मायच्या बापाचं नाव होतं."

ते नाव त्या मांडवात मला एकटीला पाठ होते, पण आईने माझ्याकडे असे पाहिले की मी पेले उचलून गप्प राहिले.

"मीच घासाले सांगतलं होतं," आई म्हणाली. "लखलखीत व्हावं म्हनून. चुकलं माहं."

व्याह्यांनी अंगठा पुन्हा एकदा तिथून फिरवला. मग उरलेला लाडू तोंडात टाकला. "जाऊ द्या. भांडं तं हाये," ते म्हणाले आणि उठले. उठताना त्यांनी आंदणाच्या भांड्यांवरून नजर फिरवली. "पन मंग तुमचं घंगाळ कुठं हाये? पाच ठरले होते."

"येऊन राह्यलं दुकानातून," आई म्हणाली. "नाव घालाले देल्लं."

वडिलांना मागच्या दाराने पाठवले. ते सदरा उलटा घालून गेले आणि दुकानदाराने सांगितली ती किंमत देऊन नवे घंगाळ घेऊन आले. त्या घाईत नाव कुठले घालणार! मुहूर्ताला थोडाच वेळ होता आणि त्या कोऱ्या काठाकडे मग कोणी पाहिलेही नाही. लग्न वेळेवर लागले. स्वस्तातले घंगाळ आम्हाला नव्या घंगाळापेक्षा महाग पडले, पण आईने त्याबद्दल तोंडातून ब्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशी गाड्या जुंपल्या. नवी भांडी मागच्या गाडीत गवतात रचली. जुने घंगाळ व्याह्यांनी स्वतःच्या शेजारी ठेवून घेतले आणि खड्ड्यातून गाडी उतरताना ते एका हाताने धरून बसले. त्यातले लाडू पुढच्या-मागच्या सगळ्या गाड्यांत वाटून झाले. ताईची सासू त्याच गाडीत, घंगाळाकडे पाठ करून बसली होती.

महिन्याभराने ताई पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा आईने तिला पाणीसुद्धा पिऊ दिले नाही. सरळ विचारले, "सासू कशी वागते?"

"चांगली वागते," ताई म्हणाली. "चौथ्याच दिवशी तिनं मले घंगाळाचं सगळं सांगतलं. सासऱ्याचं पानी थे सोताच काढते, मले हात नाई लावू देत. अन् थे आंघोळीले बसले अन् कडी वाजली, की माह्याकडे पाहून पदरात हसते. म्हने, म्हातारी वापस आली पाह्य, अन् तुही मायच घेऊन आली तिले."

आई खाली बसली आणि इतकी हसली की शेजारीण काय झाले म्हणून पाहायला आली.