हौसेच्या जटा

धुतलेल्या जटा मुळाशी ओल्या राहिल्या की कुबट वास येतो, म्हणून एसटी स्टँडवरच्या उन्हात मी त्या मोकळ्या सोडून बसले होते. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं एकदम मला हात जोडले. तिच्या पदराखालूनही हळद माखलेली एक जाड जट लोंबत होती.

"कुठल्या देवीची गं?"

"देवीची नाही, मावशी. हौसेनं वळून घेतल्यात."

"मग नकोशा झाल्या तर कापशील?"

"हो."

"आन् घरची कापू देतील?"

माझ्या घरी कुणीच अडवणार नव्हतं. जे मी कौतुकानं मिरवत होते, ते तिच्यावर तिला न विचारता लादलं होतं. लाजून मी मोकळ्या जटा गोळा करायला लागले.

तिनं पदर सावरला आणि हळूच विचारलं, "मान दुखती का गं तुझी? माझी लई दुखती."