गौरव सोहळ्याच्या घागरी

वीस मे. दुपारी मी शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेषा मारत होते. पाहुणे खेळाडू फाटकापासून मंचापर्यंत चालत येणार होते. ती वाट लांबूनही सरळ दिसली पाहिजे, असं सोहळा समितीच्या अध्यक्षांचं म्हणणं होतं. वाऱ्याची झुळूक आली की फक्की उडायची आणि मी पुन्हा मारायची. मैदानावर पाऊल बुडेल एवढा फुपाटा होता.

लातूर जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती. धड पाऊस होऊन मात्र झाली होती. कलेक्टर कचेरी आली, पाट्या रंगवून झाल्या, तरी जिल्ह्यात काहीतरी कमी आहे असं शहरातल्या मोठ्या लोकांना वाटत राहायचं. त्या साली त्यांना वाटलं की देशातल्या नामवंत खेळाडूंचा दरवर्षी गौरव करणारा सोहळा आपल्याकडे पाहिजे. माझं माहेर नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याचं, म्हणून मी बैठकीत विचारलं, नांदेडला असा सोहळा होतो का? होत नव्हता.

"म्हणूनच आपल्याला पाहिजे," अध्यक्ष म्हणाले.

अध्यक्षांची डाळमिल होती. समितीत भांड्यांचे एक व्यापारी होते, आणि मुलींच्या शाळेत खेळ शिकवते म्हणून मी होते. खेळाडूंना काय द्यायचं यावर चर्चा झाली. लाकडी ढाली पुण्याहून मागवाव्या लागल्या असत्या. भांडेवाले म्हणाले, "ढाल घेऊन काय करतेत ते? भिंतीला लावतेत. पितळेची घागर द्या. नाव घालून देतो." कुणीही विरोध केला नाही. त्या उन्हाळ्यात आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात घागरीशिवाय दुसरं काही नव्हतं.

अडचण फुपाट्याची होती. तो बसवायला पाणी मारावं लागणार होतं, आणि सोहळ्याच्या दिवशी जो टँकर मिळाला तो आमच्या गल्लीच्या पाळीचा होता. आमची गल्ली शाळेच्या भिंतीच्या पलीकडेच. मी बैठकीत सांगितलं, अर्धा टँकर मैदानाला आणि अर्धा गल्लीला, नाहीतर मी समितीत नाही. अध्यक्ष म्हणाले, "हाव, अर्धा." मी गल्लीत तसं सांगून ठेवलं. घरी सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंनाही सांगितलं.

"अर्धा म्हंजे किती, ते मैदानाला कळतंय व्हय?" त्या म्हणाल्या.

घरी रांजणाच्या तळाला पाणी होतं. सकाळचा चहा आणि पिण्याचं भागलं असतं. अंघोळीचं आणि धुण्याचं नाव काढायची सोय नव्हती. पुढची पाळी कधी येईल ते टँकरवाल्यालाही माहीत नसायचं.

संध्याकाळी टँकर मैदानात येऊन उभा राहिला. अध्यक्ष आले, बुटांवर बसलेली धूळ त्यांनी बघितली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "सगळा मारा."

"अर्धा ठरलाय," मी म्हणाले.

"बाई, देशाचे खेळाडू यायलेत, अन् तुम्ही अर्धा-पाव करायलात. त्यांच्या नाकातोंडात धूळ गेली तर जिल्ह्याचं नाव काय राहील?"

"अन् गल्लीला काय सांगू?"

"सांगा, उद्या बघू."

ड्रायव्हर बिडी ओढत आमच्याकडे बघत होता. "ठरवा तुम्ही," तो म्हणाला. "पाण्याचं काय, कुठंबी सांडतंय." शिंपडायचा भोकाभोकांचा पाइप दुसऱ्या गाडीवर राहिला होता, तो यायचा होता. पाइप आला की सगळा टँकर मारायचा असं बजावून अध्यक्ष पाहुण्यांना आणायला विश्रामगृहावर गेले.

तेवढ्यात भांडेवाल्यांचा हातगाडा आला. घागरी नव्याकोऱ्या, झळझळीत, प्रत्येकीच्या गळ्याशी खेळाडूचं नाव कोरलेलं. मांडायला टेबल आलं नव्हतं. टँकर गळका होता आणि त्याच्या शेजारची तेवढीच जमीन ओली होती, तिथं धूळ उडत नव्हती. भांडेवाल्यांनी फडक्यानं पुसून एकेक घागर टँकरच्या तोटीपासून मागं, एकामागे एक मांडली. दुकानदार माणूस, ओळ सरळ आली. मग ते हार आणायला गेले आणि मी खुर्च्या लावायला गेले.

भिंतीवरून आमच्या शेजारणीनं डोकं काढलं. तिला मैदानात टँकर दिसला आणि टँकरच्या मागं लागलेली घागरींची लाइन दिसली. ती दिसल्यावर आमच्याकडची बाई विचार करत बसत नाही. मी खुर्च्यांची तिसरी रांग लावत होते तेव्हा फाटकातून गल्ली आत येत होती. हंडे, कळशा, तेलाचे डबे, एकीची बादली, बादलीला मूठ नाही. सगळ्यांनी नव्या घागरींच्या मागं आपापली भांडी लावली. लाइन माझ्या फक्कीच्या रेषेवरून गेली. सरळ गेली, तेवढं तिला बरं पडलं.

"कुणाच्या गं ह्या म्होरच्या?" शेजारीण मला म्हणाली. तिनं वाकून पहिल्या घागरीवरचं नाव वाचलं. "असल्या आडनावाचं आपल्या गल्लीत कुणी न्हाई. दुसऱ्या गल्लीच्या घुसल्या काय?"

"पाहुण्यांच्या आहेत."

"पाहुणे असू दे. नंबर आधी लावलाय त्यांनी, आपण काय बोलावं?"

ड्रायव्हरनं बिडी विझवली. त्याचं सगळं आयुष्य लाइन बघितली की तोटी सोडण्यात गेलेलं. त्यानं तोटी सोडली. मी बघितलं आणि पुढच्या रांगेतल्या खुर्च्या पुसायला लागले. माझ्याकडे तोटीचं काम नव्हतं, खुर्च्यांचं होतं.

अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा खेळाडूंच्या घागरी काठोकाठ भरल्या होत्या आणि गल्लीचा नंबर सुरू झाला होता.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी हळू आवाजात विचारलं.

"लाइन आहे."

"ही भांडी हलवा."

"तुम्ही हलवा," मी म्हणाले.

अध्यक्षांनी पहिल्या हंड्याकडे हात नेला आणि थांबवला. लाइनीतलं भांडं म्हणजे माणूसच उभं असतं. ते दुसऱ्यानं हलवलं तर काय होतं हे डाळमिलच्या मालकालाही माहीत होतं. त्यांच्या घरासमोरही टँकरच यायचा. हंड्याची मालकीण कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हलवा की, मालक," ती म्हणाली. "बघू तरी."

अध्यक्ष मंचावर गेले. शिंपडायचा पाइप आला, पण आता त्याला कुणी विचारलं नाही.

सूत्रसंचालन आमच्या शाळेतल्या मराठीच्या सरांकडे होतं. पहिली घागर चौघांनी धरून मंचावर आणली, पाणी गालिच्यावर सांडलं. प्रमुख पाहुण्यांनी सरांकडे बघितलं. सर न अडखळता म्हणाले, "भरल्या घागरीनं गौरव करण्याची आमच्या भागाची परंपरा आहे." ती परंपरा तेव्हा साधारण पाऊण तासाची होती. टाळ्या झाल्या. दोन दिवसांनी पेपरातही तसंच छापून आलं.

कुस्तीगिरांनी आपली घागर एका हातानं उचलली आणि गल्लीनं त्यांना मनापासून दाद दिली. ती दाद कुस्तीला नव्हती. बुद्धिबळपटूंनी घागरीला फक्त हात लावला आणि फोटो काढून घेतला. परराज्यातली एक धावपटू होती, बारीक, काळीसावळी. तिनं घागर खाली ठेवली आणि हिंदीत विचारलं, यातलं प्यायलं तर चालेल का, विश्रामगृहावर सकाळपासून पाणी नाही.

"पी की माय," खालून शेजारीण ओरडली. "तुझाच नंबर व्हता."

ती ओंजळीनं प्यायली. मंचावर सगळे थांबले होते. मग तिनं तोंडही धुतलं. त्या संध्याकाळी धूळ भरपूर उडाली. प्रमुख पाहुणे रुमाल नाकाला लावून बोलले, म्हणून भाषण थोडक्यात झालं.

आत्याबाई सगळ्यात शेवटी आल्या. माझ्या अर्ध्या टँकरवर त्यांचा विश्वास नव्हता, त्यामुळे उठायला उशीर केला होता. त्यांच्या कळशीशी तोटी आली तेव्हा टँकरमधून आधी पाणी आलं, मग हवा, मग नुसता आवाज. कळशीचा तळ ओला झाला.

"सगळ्या गल्लीला मिळालं," त्या म्हणाल्या. "समितीच्या घरचं तेवढं राहिलं."

मंडप रिकामा झाला. मंचावर एक घागर उरली होती, भरलेली. ती एका जलतरणपटूची होती. ते आलेच नव्हते, का ते कुणी कळवलं नव्हतं. बाकीच्यांनी आपापल्या घागरी विश्रामगृहावर नेल्या होत्या, भरलेल्याच.

"ही उद्या मिलवर पाठवून द्या," अध्यक्ष माझ्याकडे न बघता म्हणाले.

"भरलेली?"

"घागर पाठवा, बाई."

मी ती डोक्यावर घेऊन भिंतीला वळसा घालून घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जलतरणपटूच्या पाण्यानं आत्याबाईंनी अंघोळ केली. खाली मोठं घमेलं ठेवलं होतं, त्यात साठलेल्या पाण्यात मी दोन पातळं बुचकळून काढली, आणि उरलेल्यात अंगण सारवलं. मग घागर राखेनं कोरडीच घासली, कोरलेलं नाव नीट दिसेल अशी पुसली आणि मिलवर नेऊन दिली.