धुरपताबाईचा ढावलो

दारव्ह्याहून बोरी अरबकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम चालू होतं. खडी फोडणाऱ्या बायांमध्ये धुरपताबाई राठोड होती. खडीच्या ढिगांचं मोजमाप माझ्याकडे होतं. बाकीच्या बाया हातोडीच्या ठेक्यावर काहीतरी गुणगुणत. ही गप्प. पहिल्याच आठवड्यात तिच्या शेजारी बसणारी म्हातारी धनीबाई मला म्हणाली, "साहेब, या बाईनं आख्खे तांडे रडवले हायेत. आता पाहा, गोट्याशीही बोलत नाही."

बंजाऱ्यांची नवरी सासरी निघते ती गात रडते. आई, बाप, भाऊ, काकी अशा एकेकाच्या गळ्यात पडून त्याच्या नावाने कडवं म्हणायचं. याला ढावलो म्हणतात. शेवटी तिला बैलाच्या पाठीवर उभं करतात आणि ती हात वर करून तांड्याचा निरोप घेते. हे आपोआप येत नाही. लग्नाआधी जाणत्या बाया मुलीला समोर बसवून शिकवतात. दम कुठे घ्यायचा, हुंदका ओळीच्या कुठल्या टोकाला सोडायचा, सगळं. मुलगी मुकी गेली तर लोक आईबापाला बोल लावतात. पोरीला रडावं असं त्या घरात काहीच नव्हतं का, म्हणतात.

धुरपताबाई शिकवायची, पण पिढीजात कडवी घोटून घेत नसे. नवरीच्या घरी दोन-तीन दुपारी ती नुसती बसायची. बाप कसा खोकतो, कोणती शेळी पोरीच्या मागेमागे फिरते, भाऊ तिच्यावर कशावरून ओरडतो, हे पाहायची. मग कडवं रचायची. ते त्याच घराचं असायचं, दुसऱ्या घराला लागू पडायचं नाही.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात तिच्या थोरल्या मुलीचं, झमलीचं लग्न झालं. स्वतःच्या लेकीसाठी तिने सगळा जीव ओतला. बंजाऱ्यांच्या गोरबोलीतली ती ओळ मराठीत आणली तर अशी होईल: "याडी, माझ्या वाटणीची भाकर थापू नको, तुझ्या चुलीपाशी मी आता येणार नाही." याडी म्हणजे आई. झमलीने ती ओळ अशी म्हटली की वाजवणाऱ्यांचे हात थांबले. नवरदेवाचा बाप पागोट्याच्या टोकाने डोळे पुसत होता. वर्षभर आजूबाजूच्या तांड्यांत त्या ओळीची वाहवा चालली.

झमली पहिल्या बाळंतपणात सासरीच वारली. माहेरपणाला एकदाही आली नव्हती.

त्यानंतर धुरपताबाईला कडवं सुचलं नाही. लेकींच्या आया यायच्या, ती मान हलवायची. "गळ्याचा भाव वाढला बाप्पा," असे टोमणे बसले. पुढे आया यायच्या बंद झाल्या. लग्न असलं की ती सकाळीच सरपणाला निघून जायची. नवऱ्याने, धनसिंगने, देवाला बोकड दिला. तांड्याच्या नायकाने, देवीलालने, सुचवलं म्हणून ती दिग्रसकडच्या एका तांड्यात नावाजलेल्या बाईचं गाणं ऐकायला गेली. आली तशी चुलीपुढे बसली. धनसिंगने विचारलं, "काही आलं का वो मनात?"

"पाय दुखून राह्यले," ती म्हणाली.

खरं कारण तिने फक्त धनीबाईला सांगितलं होतं. ओळ आपण रचली. येणार नाही असं आपणच पोरीच्या तोंडी घातलं, लोक रडावेत म्हणून. आणि ते तसंच झालं.

बासष्टच्या उन्हाळ्यात धाकट्या बिजलीचं लग्न ठरलं. ही पोरगी तोंडाची फटकळ. म्हणायची, "मी काही रडत नाही. हासत जाईन. बैल भेला तर भेला."

"अन् तुह्या सासूनं म्हटलं, मुकी पोर आणली, मंग?" धनीबाईने विचारलं.

"मंग तिले शिव्या देईन. त्या येतात मले, कोणी शिकवल्या नाही तरी."

ढिगाभोवतीच्या बाया हसल्या. आईकडे पाहून बिजली मात्र हसायची थांबली. घरी तिने एकदा थेट विचारलं होतं, "याडी, झमलीले एवढं दिलं. मले एक ओळ नाही देत?" धुरपताबाई परातीत पीठ मळत होती. पीठ मळून झालं, भाकरी झाल्या, जेवणं झाली.

ती प्रयत्न करत नव्हती असं नाही. मी तिला ढिगाजवळ ओठ हलवताना पाहिलंय. दोन-चार शब्द जुळायचे आणि हातोडी जोरात पडायची. एकदा बोटावर पडली. तिने बोट तोंडात घातलं आणि पुन्हा फोडायला लागली. पाणी न मारता टाकलेल्या मुरमावरून रूळ कितीही फिरवा, तो बसत नाही. ती रोज रूळ फिरवत होती.

शेवटी धनीबाईने बिजलीला शिकवायला घेतलं. एका दुपारी धुरपताबाई पाणी घेऊन आली तेव्हा कुडापलीकडून आवाज आला: "माझ्या वाटणीची भाकर थापू नको..."

तिने घागर तिथेच टेकवली. आत जाऊन धनीबाईला म्हणाली, "काकी, हे काहून शिकवून राह्यली?"

"हे नाही तं काय शिकवू? सगळ्याच पोरी हेच म्हणतात आता."

"सगळ्या?"

"तू लग्नात येतं कुठं! पाच वर्षं झाले, इथून जाणारी हर एक पोर हेच गाऊन जाते. गोविंदाची लेक हेच गाऊन गेली, दोन डाव येऊन गेली माहेरी. फुलचंदची पोरगी तं सासरी राहतच नाही, दर महिन्याले इथंच! काही होत नाही वो ओळीनं. तू उगंच जिवाले लावून घेतलं."

धनीबाईला वाटलं, बाई आता मोकळी होईल. ते घडलं नाही. धुरपताबाई दारातच खाली बसली. इतकी वर्षं तिच्याकडे निदान एक कारण होतं. ओळ रचली म्हणून पोर गेली, आपल्यामुळे गेली. आता तेही राहिलं नाही. ओळ निर्दोष निघाली आणि झमली उगीच, कशासाठीही नाही, अशी मेली. त्या दिवसापासून तिचे ओठही हलेनासे झाले. खडीचा ढीग निम्म्यावर आला. मुकादम ओरडला, तरी ती तशीच.

लग्नाच्या दिवशी मी तांड्यात होतो. सरपणाला जायची सोय तिला त्या दिवशी नव्हती. बिजली बापाच्या गळ्यात पडून गायली, काकीच्या गळ्यात पडून गायली. सगळं घोटलेलं, नीट. मग आईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "याडी, माझ्या वाटणीची..."

धुरपताबाईने तिच्या तोंडावर हात दाबला.

नवरदेवाकडची एक बाई म्हणाली, "हे काय वो? पोरीले गाऊ बी देत नाही?" बिजली आईच्या हातामागून नुसती बघत राहिली. आईसाठी धनीबाईने तिला एवढंच शिकवलं होतं, पुढचं काही नव्हतं. तिकडे बैल सजून उभा होता. मुलीला तशी मुकी पाठवता येत नव्हती, आणि ती ओळही म्हणू द्यायची नव्हती. ओळ निर्दोष आहे हे ठाऊक असूनही नाही.

"म्हण," धुरपताबाई म्हणाली. आवाज फाटलेला. "भाकर थाप. माझी भाकर थाप."

बिजलीने म्हटलं.

"शिळी झाली तरी ठेव. मी येईन. पायी येईन, कोणी नाही आणलं तर."

चाल बसत नव्हती. हुंदका सोडायला जागाच नव्हती. धुरपताबाई अडखळत शब्द देत होती आणि बिजली ते म्हणत होती. बैलाच्या पाठीवर हात वर करूनही तिने तेच तुटकं पुन्हा म्हटलं. कोणी रडलं नाही. बिजली तेवढी रडली.

बैल निघाल्यावर धनीबाई म्हणाली, "हे काय ढावलो हाय? हे तं जेवायचं बोलावणं झालं."

"खराब झाला," धुरपताबाई म्हणाली.

"लय खराब."

बिजली दिवाळीला आली नाही. सासू आजारी आहे, होळीला पाठवू, असा निरोप आला. धुरपताबाई ढिगापाशी बसते, बोलत नाही. गळा सुटला असं तिला वाटत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "नाही सुटला."

मागच्या आठवड्यात गोविंदाची धाकटी लेक ढिगाजवळ येऊन उभी राहिली. तिचं लग्न या उन्हाळ्यात आहे. मला शिकव, म्हणाली.

"चांगलं येत नाही आता मले."

"बिजलीवानी चालते."

"ते खराब होतं."

"व्हय, ठाऊक हाय," पोरगी म्हणाली. "पण तिचंच होतं ना."

धुरपताबाईने दोन-तीन दगड फोडले. मग पदराने तोंडावरची धूळ पुसली आणि विचारलं, "घरी कोण कोण हाय वो तुह्या?"

गोविंदाचं घर त्याच तांड्यातलं, तिथे कोण कोण आहे हे धुरपताबाईला ठाऊकच होतं. तरी पोरगी एकेकाचं नाव सांगू लागली.