जॉबरमामांच्या पेटीतला आवाज

जॉबरमामा आवाज हातानं ऐकायचे. दुरुस्तीला आलेला अ‍ॅम्प्लिफायर चालू केला की डावा तळवा पेटीच्या लाकडावर ठेवायचे, मान खाली घालायचे आणि थोड्या वेळानं सांगायचे, "स्पीकरची कॉईल घासतीय." उघडून बघावं तर खरंच घासत असायची. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा गिऱ्हाइकावर छाप पाडायला नाटक करतोय. नाटक वगैरे काही नव्हतं. उभी हयात त्यांनी सोलापुरात यंत्रमागावर जॉबर म्हणून काढली होती, म्हणजे माग अडला की तो दुरुस्त करायचा. अख्खी शेड धडधडत असताना कुठल्या मागाचं काय दुखतंय हे कानाला काय डोंबल कळणार? तिथं हातच लावावा लागतो.

कारखाना बंद पडल्यावर त्यांनी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान टाकलं. घरात ते मुलीशी तेलुगूत बोलायचे, गल्लीत सगळ्यांशी मराठीत आणि माझ्याशी बहुतेक वेळा शिव्यांत. मोठ्यानं बोललेलं त्यांना खपायचं नाही. "वरडू नको बे, तोंड दिसू दे, मला कळतंय," म्हणायचे. मागाच्या खडखडाटात जन्म गेलेली माणसं समोरच्याचे ओठ वाचतात. मामा तर मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलंही अचूक पकडायचे आणि वर एक शिवी हासडायचे.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि एका परदेशी रॉक गिटारवाल्याच्या नादानं पार कामातून गेलो होतो. मला त्याच्यासारखं वाजवायचं होतंच, पण त्याहून जास्त मला त्याचा आवाज हवा होता. तार ओढली की दाटून येणारा, कडेला जरासा फाटणारा, लांबत लांबत विरणारा. त्याच्याकडचं सामान घ्यायचं तर आमचं जुळे सोलापूर भागातलं घर विकावं लागलं असतं. माझ्याकडे एक जुनी गिटार होती आणि सर्दी झाल्यासारखा वाजणारा एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर. तो घेऊन मी मामांकडे गेलो आणि मोबाइलवर गाणं लावून दिलं.

मामांनी मोबाइल मुठीत धरला, मग कपाळाला टेकवला. गाणं संपेपर्यंत तसेच बसले. "ह्यो बाबा व्हॉल्व्हवर वाजवतोय," ते म्हणाले. "आताच्या सामानात असलं दाटपण येत न्हाय. माळ्यावर आपला जुना रेडिओ हाय की. त्याच्यातच घुसवू तुझी गिटार." व्हॉल्व्ह म्हणजे काचेचे दिवे असतात तसे, तापले की लालसर दिसतात. ते तापवून, ताणून त्यांच्याकडून आवाज फाडून घ्यायचा, असा सगळा बेत. माझ्या चार वर्षांच्या शिक्षणात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

याच सुमारास घरात वेगळंच पेटलं होतं. लक्ष्मीअक्का, म्हणजे मामांची मुलगी, आतल्या खोलीत शिलाई करायची. दुकानात गिऱ्हाईक कमी होत चाललं होतं. एकदा वस्तू दुरुस्त करून नेलेला माणूस दुसऱ्यांदा फिरकत नव्हता. एके दिवशी ती माझ्यादेखत म्हणाली, "बाबा, तुम्हाला आता ऐकू येत नाही. लोक तोंडावर बोलत नाहीत एवढंच. पुरे करा हे दुकान." मामांना ते फार लागलं. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्या पोराचा आवाज माझ्या कानानं जमवून दाखवतो. न्हाय जमला तर दुकान बंद. शब्द देतो." आता माझ्या हौसेवर एका माणसाचं दुकान टांगलेलं होतं, आणि मला ते झेपत नव्हतं.

दोन महिने आम्ही झटत होतो. मामा काही तरी जोडायचे, मी वाजवायचो, ते ट्रेबलचं, म्हणजे आवाजाची वरची धार वाढवायचं बटण जरा जरा पुढे सरकवायचे. "आता कसं? खुललं का न्हाय?" मला आवाज कानात सुई घातल्यासारखा टोचायचा. पण एवढा मुरलेला माणूस म्हणतोय म्हणजे माझेच कान कच्चे असणार, असं मी स्वतःला समजावायचो. शिवाय निवाडा द्यायला गल्लीतले चार बुजुर्ग यायचे, ओट्यावर ओळीनं बसायचे. चौघंही एकमुखानं सांगायचे, "एक नंबर झालाय, जॉबर." आणि ते चौघंही जन्मभर मागावर राबलेले विणकर होते, हे माझ्या इंजिनिअर डोक्यात शिरलं नाही ते नाहीच. लक्ष्मीअक्का कानात कापसाचे बोळे घालून शिवत बसायची. मला वाटायचं, हिला संगीताचा तिटकारा आहे.

कॉलेजच्या गॅदरिंगला मी रेडिओपेटी स्टेजवर ठेवली. तिचा आवाज सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून निघाला आणि पहिल्याच तानेला पुढच्या तीन रांगांनी कानांवर हात ठेवले. मागून कुणीतरी "बंद कर बे" म्हणालं आणि सगळं सभागृह हसलं. मी कसंबसं गाणं उरकलं. मामा शेवटच्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून उभे होते, खुशीत मान हलवत होते. मग त्यांची नजर पुढच्या रांगांवर गेली. कान झाकलेले ते हात त्यांना दिसले आणि मान थांबली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर, तोंड दिसेल असा बसलो आणि सांगून टाकलं. "मामा, टोचत होतं. पहिल्या आठवड्यापासून टोचत होतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"मला वाटलं, तुम्हाला जास्त कळतं."

त्यांनी रेडिओ लावला आणि ट्रेबलचं बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. पुन्हा फिरवलं. "मला ह्यात काहीच फरक लागत न्हाय बे," ते हळू आवाजात म्हणाले. त्या माणसाला मी दोन महिने फसवत होतो, आणि तेही आदरापोटी. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"पोरगी खरं बोलत होती. बंद करतो दुकान," मामा म्हणाले. "पण घेतलेलं काम अर्धं सोडायची सवय न्हाय मला. तुझं तेवढं करतो आन् मग शटर वढतो."

आतून लक्ष्मीअक्का बाहेर आली, कानातले बोळे काढून टेबलावर ठेवले आणि स्टुलावर बसली. "वाजव," मला म्हणाली. मी वाजवलं. तिनं बापाकडे बघत तळहात खाली दाबला. मामांनी बटण मागे घेतलं. पुन्हा दाबला, पुन्हा मागे. मागावर माणसं खुणांनी बोलतात तसं त्या दोघांचं सुरू झालं, आणि मी आपला मुकाट्यानं तीच एक तान घोटत राहिलो. मोबाइलवरचं ते गाणं भिंतीपलीकडून, कापसाच्या बोळ्यांतूनही, दोन महिने ऐकून तिला माझ्याहून पक्कं पाठ झालं होतं. मामा हात पेटीवर ठेवून सांगायचे, "खाली थरथर कमी हाय," की ती मान डोलवायची, की ते सोल्डरिंगचा डाग देऊन काहीतरी बदलायचे.

पाचव्या की सहाव्या दिवशी, गल्लीतले माग सुट्टीमुळे बंद होते, तेव्हा दुपारी तो आला. तार ओढली आणि आवाज दाटून आला, कडेला फाटला, लांबत गेला. तो तंतोतंत त्या गिटारवाल्याचा होता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण मला हवा होता तो हाच होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यात लपवायचं काय?

"कसा हाय?" मामांनी विचारलं. मी डोळे पुसून तीच तान पुन्हा ओढली. मग लक्ष्मीअक्का त्यांच्यासमोर बसली आणि तेलुगूत सांगू लागली. बराच वेळ सांगत होती. मामा तिच्या ओठांकडे बघत होते, अधूनमधून मान हलवत होते. मध्येच ते तिला काहीतरी म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "लई भारी आलाय म्हणतीय."

दुसऱ्या दिवसापासून लक्ष्मीअक्का दुकानात बसायला लागली. शिलाई मशीनही पुढच्या खोलीत आलं. गिऱ्हाईक हळूहळू परतलं. मामा हात लावून दोष सांगायचे, ती कान लावून खात्री करायची, आणि वर्षभरात दोन्ही कामं एकटीनं करण्याइतकी ती तयार झाली. एका तानेनं बाईला कसं वेड लावलं, ही गोष्ट मी पुढे ज्याला त्याला रंगवून सांगत आलो.

गेल्या वर्षी मामा गेले. महिन्याभरानं भेटायला गेलो तर दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती, एवढे अ‍ॅम्प्लिफायर येऊन पडले होते. चहा पिता पिता मी तिला विचारलं, "अक्का, त्या दुपारी तू मामांना माझ्या आवाजाचं एवढं काय वर्णन केलंस गं?"

"तुझ्या आवाजाचं कुठलं आलंय," ती म्हणाली. "मी म्हणत होते, दुकान बंद करू नका, उद्यापासून मी बसते, मला शिकवा."

"आणि मामा काय म्हणाले?"

"म्हणाले, बस दुकानात. पण जरा थांब, ते पोरगं तोंडाकडं बघतंय, त्याला आधी मला काहीतरी चांगलं सांगू दे."