काकूच्या दोन हाका

आमच्या गल्लीत पहिला टीव्ही घेतला तो काकूने, आणि त्या टीव्हीकडे पाठ करून बसणारीही एकटी काकूच.

गल्ली कोष्ट्यांची. घरोघर हातमाग, आणि मागाला सुताच्या कांड्या लागतात. त्या भरून द्यायचं काम काकूचं. संध्याकाळी आम्ही वीस-पंचवीस जण तिच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीने बसायचो आणि काकू टीव्हीच्या खाली, आमच्याकडे तोंड करून, चरखा फिरवत कांड्या भरायची. "काकू, पाहत काहून नाही वं?" असं कोणी विचारलं की म्हणायची, "पाहूनच तर राहिले. मले तुमच्या तोंडावर दिसते सगळं." आणि दिसायचंही. "समोरचे बुवा नाक ओढून राहिले, म्हंजे हिरोची माय गेली," असं ती मान न वळवता सांगायची, आणि पडद्यावर खरंच हिरोची माय गेलेली असायची. बुवा चिडायचे. म्हणायचे, सर्दी झाली आहे.

काकूला मूलबाळ नव्हतं. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेजारच्या घरात पुतण्या आणि त्याची बायको राहायचे, पण दुपारभर तिच्याकडे असायची मी. आमच्या घरी दोन माग दिवसभर खटखटत. अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून काकूने तिची पुढची खोली दिली. आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारी मी पहिली. बाबांना सही येत होती, आईला तीही नाही. हे मी लपवत नाही, उलट जिथे तिथे सांगते. मॅट्रिक झाले त्या दिवसापासून काकूने माझं नाव घेणं सोडलं आणि मला "बीए" म्हणायला लागली. "अजून कुठं झाली काकू?" म्हटलं तर, "होशीन ना. तोवर माह्या तोंडाले सवय होऊन जाईन."

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते त्या उन्हाळ्यात टीव्हीवर एक भुताचा सिनेमा दाखवला. थिएटरला लागलेला नव्हे, टीव्हीसाठीच केलेला, हिंदी, तास-दीड तासाचा. एकदाच लागला. पुढे मी गल्लीबाहेर कोणालाही विचारलं तरी कोणाला आठवत नसे, इतकं की आम्ही सगळ्यांनी मिळून तो स्वप्नात पाहिला की काय, असं वाटायला लागलं होतं. मागच्या महिन्यात माझ्या भाच्याने तो इंटरनेटवर शोधून काढला आणि रविवारी सकाळी, चहा पिता पिता, मला दाखवला.

खाणीजवळचा एक बंगला. तिथे भर दुपारी दाराशी कोणीतरी येतं. दिसत नाही, आवाज तेवढा येतो, आणि तो आवाज घरातल्याच माणसाचा असतो. आईच्या आवाजात मुलीला हाक येते, मुलगी "आले" म्हणून उठते, आणि संध्याकाळी त्या घरात मुलगी नसते. शेवटी ती हाक मारणारी बाई दिसते तेव्हा तिच्या तोंडाला पीठ फासलेलं आहे आणि केस उसने आहेत. भाचा हसत सुटला. "मावशी, याले घाबरत होते तुम्ही लोकं?" मला हसू आलं नाही. मी त्यात एक गोष्ट शोधत होते. इतकी वर्षं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की सिनेमातली ती बाई दोनदाच हाक मारू शकते, तिसरी हाक माणसाचीच. सिनेमा परत मागे नेऊन पाहिला. त्यात कोणी हाका मोजतच नाही. एका हाकेत काम होतं.

मोजणी आमची होती. म्हणजे काकूची.

तो सिनेमा लागला त्या संध्याकाळी काकूचा चरखा थांबला होता. ती आमच्या तोंडांकडे बघत होती आणि तिचं तोंड उतरत चाललं होतं. आम्ही निदान भूत बघत होतो. तिला पंचवीस घाबरलेली माणसं दिसत होती आणि कशाला घाबरली ते कळत नव्हतं. "बंद करा ना बावा ते," ती म्हणाली. कोणी उठलं नाही. ती स्वतः वळलीही नाही. सिनेमा संपल्यावर तिने माझ्याकडून सगळी गोष्ट ऐकून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीभर फिरून सांगितलं, "दुपारची कोणाचीही हाक आली तर तीन झाल्याबिगर ओ देऊ नोका. त्याले दोनच मारता येते." भर दुपारच्या हाकेला लगेच ओ द्यायची नाही, हे आमच्याकडे जुनंच होतं, पण कोणी फारसं पाळत नव्हतं. त्या सिनेमानंतर सगळी गल्ली पाळायला लागली. पोस्टमन वैतागला. "भूत रजिस्टरवर सही घ्याले येते का वं बाई?" असं तो दारातून विचारायचा, आणि तेही तिसऱ्यांदा विचारल्यावर आतून ओ यायची. भाजीवाला शहाणा. तो कोपऱ्यावरूनच ओळीने तीनदा नाव घ्यायचा.

मी शिकलेली. मी हसायचे. पण एकदा दुपारी काकूच्या पहिल्याच हाकेला मी ओ दिली तर ती तरातरा आत आली. "काहून ओ देली वं? माही हाक नसती तर?" त्या दिवसापासून मीही तीन मोजायला लागले. आणि खरं सांगायचं तर मोजताना मला भीती वाटायची. पहिली हाक आली की मानेवर काटा यायचा, दुसरीला मी दाराकडे बघायचंही टाळायचे, तिसरी आली की जीव भांड्यात पडायचा.

परीक्षा पुढे ढकलली गेली होती आणि मे उजाडला होता. नागपूरचा मे. बाराच्या पुढे रस्त्यावर कुत्रंही नसतं. काकूच्या दाराला वाळ्याचा पडदा होता. त्याच्यावर पाणी मारलं की खोली गार व्हायची आणि छान वास सुटायचा. पडदा सुकत आला की काकू मागच्या अंगणातल्या टाक्यातून बादली भरून आणायची. त्या दुपारी तिने पडदा भिजवला, रिकामी बादली घेऊन पुन्हा मागे गेली आणि मी पुस्तक उघडलं.

"बीए..."

आवाज काकूचा, पण जरा ओढल्यासारखा. मी बोट ओळीवर ठेवून थांबले.

"वं बीए..."

ही अगदी बारीक होती. मी श्वास धरून तिसरीची वाट बघत बसले. तिसरी आली नाही. कितीतरी वेळ आली नाही. आणि मग माझ्या मनात जे आलं त्याची मला आजही लाज वाटते. मला वाटलं, सुटले. दोनच आल्या म्हणजे ती काकू नव्हतीच. मी पाय पोटाशी घेतले, मागच्या दाराकडे पाठ केली आणि ती एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. उठून बघायची छाती झाली नाही. घामाने पानं ओली झाली. मग दारातून गरम झळ यायला लागली तेव्हा लक्षात आलं, पडदा पार वाळला आहे. मेमधेही त्याला अर्धा तास लागतो. आणि काकू पाणी घेऊन आलेली नाही.

ती टाक्यापाशी पडली होती, अर्धं अंग उन्हात. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे होते आणि माझ्याकडेच लागले होते.

पुतण्याने आणि बाबांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायू. किती वेळ झाला पडून, असं त्यांनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "माहीत नाही. मी वाचत होते." ते म्हणाले, लवकर कळलं असतं तर बरं होतं. माझ्या आयुष्यात मी बोललेलं सगळ्यात मोठं खोटं ते तेवढंच, दोन वाक्यांचं.

काकू वाचली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतील असं वाटत नाही. म्हणजे त्या दोन हाका तिचं शेवटचं बोलणं ठरलं.

निकाल लागला. मी पास झाले. गल्लीत पेढे वाटायच्या आधी तिच्याकडे गेले. ती खाटेवर होती, सून, म्हणजे पुतण्याची बायको, बाहेर भांडी घासत होती. मी पेढा तिच्या ओठांना लावला आणि म्हणाले, "काकू, झाले बीए." तिचा डावा डोळा भरून आला. मग माझ्याने राहवलं नाही. मी म्हणाले, "काकू, मले ऐकू आली होती. दोन्ही हाका ऐकू आल्या होत्या. मी तिसरीची..."

तिने डावा हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. घट्ट. एवढा जोर तिच्या हातात असेल असं वाटलं नव्हतं. तेवढ्यात सून आत आली. "काय म्हणून राहिली वं बीए?" तिने विचारलं. काकूने हात काढला नाही. सून बाहेर जाईपर्यंत तो तसाच होता. ती मला माफ करत होती, की गप्प बसवत होती, की नियम तिनेच घातला म्हणून तिलाच ते ऐकवत नव्हतं, हे मी तेव्हाही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी सांगणार कशाने?

त्यानंतर काकू सव्वा वर्ष होती. मला शाळेत नोकरी लागली, सकाळपाळीची. मी ती मुद्दाम सकाळचीच मागून घेतली. रोज बाराच्या आत मी तिच्या खाटेशी पोचत असे आणि ऊन उतरेपर्यंत तिथेच बसत असे, तिच्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर. तिला हाक मारता येत नव्हती, हे मला माहीत होतं. तरी पुस्तकात डोकं घालायची हिंमत होत नसे.