दुपारची साक्ष

ज्यांनी आयुष्यभर लेखन केले, त्यांच्या पंक्तीत उतारवयात पान मांडून बसण्याचा मला अधिकार नाही, हे मी जाणते. कॉलेजातल्या निबंधांपलीकडे मी काही लिहिलेले नाही. वाचकांनी क्षमा करावी.

माझे सासरे मुंबईच्या उच्च न्यायालयातून न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही चिंचवडला राहायला आलो. पन्नास सालानंतरचा तो काळ. भोवती ज्वारीची शेते, पिंपरीच्या अंगाला नुकताच उभा राहिलेला कारखाना. जेवणाची सुट्टी संपून कोर्ट पुन्हा बसण्याच्या वेळी मामंजी काळा कोट चढवून ओसरीवर येत. साहेब निवृत्त झाले, पण कोर्ट काही उठलेले नाही, असे माझे यजमान हसून म्हणत.

फाशीच्या एका अपिलाबद्दल मामंजी माझ्याशी बोलले होते. आरोपीला समोर आणलेले नव्हते. कागद आणि वकील एवढ्यावरच निकाल झाला. मला एकदा साहेबांपुढे बोलू द्या, असे तो तुरुंगातून विनवीत राहिला होता. शिक्षा कायम झाली, तो फासावर गेला. "निकाल बरोबर होता," मामंजी म्हणाले, "पण त्याचं म्हणणं राहून गेलं."

पुढच्या उन्हाळ्यात ते अंगणाकडे टक लावून पाहू लागले. एरवी मला 'अगं' म्हणणारे मामंजी त्या वेळी 'तुम्ही' म्हणत, जणू मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होते. अंगणात कोणी आहे का, एवढेच विचारीत. मी नाही म्हणे. न्यायाधीशाने स्वतःच्या डोळ्यांवर नव्हे, साक्षीवर विसंबायचे, हा त्यांचा जन्मभराचा शिरस्ता. 'बरं' म्हणून ते आत जात. मात्र त्यांचे जेवण तुटत चालले होते.

एके दुपारी कामाची बाई अंगण सारवून मागच्या दाराने गेली. फाटकाला आतून कडी होती. मामंजींनी नेहमीचा प्रश्न विचारला. ओल्या सारवणाच्या मधोमध दोन अनवाणी पावले उमटली होती, बोटे ओसरीकडे. येतानाची नव्हती, जातानाची नव्हती, तेवढीच दोन.

"माणूस दिसत नाही," मी म्हणाले. "पावलं आहेत."

मामंजी उठून उभे राहिले. "त्यांना तुम्ही बोलवा. मी बोलावलं तर तो हुकूम वाटेल."

परक्या माणसापुढे माझ्या तोंडून शब्द निघत नसे. तरी रिकाम्या अंगणाकडे पाहून मी म्हणाले, "या. बसा."

मामंजींसमोरच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीची वीण करकरली. मामंजी मान किंचित वाकवून ऐकू लागले. मधूनच 'हं' म्हणत. एकदा 'पुन्हा सांगा' म्हणाले. कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा कोट उतरवून त्यांनी माझ्या हाती दिला आणि संध्याकाळी पोटभर जेवले. काय ऐकले ते त्यांनी कधीच सांगितले नाही. निकाल बरोबर होता, हेही पुन्हा म्हणाले नाहीत.

मामंजींना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. दुपारी ती खुर्ची अजून करकरते. त्याला 'या' मी म्हटले होते. 'जा' कोणीच म्हटलेले नाही. वाचकहो, ते आता मी म्हणावे का?