भिंतीकडे तोंड केलेला संत

संतांकडे माझं मन कधी फारसं ओढलं गेलं नाही. रविवारची चर्चमधली मिस्सा मी चुकवत नाही, प्रायश्चित्तकाळात मांस खात नाही, मृतांच्या दिवशी बाबांच्या कबरीवर मेणबत्ती लावते. पण हरवलेली किल्ली शोधायला स्वर्गातून कुणी यावं, हे मला पटायचं नाही. आईचं मात्र रोजचं बोलणंचालणं संतांशी. घसा दुखला की एक संत, घरातलं कुणी प्रवासाला निघालं की दुसरा, आणि वस्तू हरवली की संत अंतोनी. त्याची वीतभर उंचीची मूर्ती आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी असते. काही हरवलं की आई त्याचं तोंड भिंतीकडे करते आणि सापडेपर्यंत त्याला तसंच उभं ठेवते. तिची आईही हेच करायची. संताला कोपऱ्यात उभं करून कामाला लावायची ही रीत शेजाऱ्यांना सांगितली, तर ते हसतात आणि मलाही हसू येतं.

गेल्या काही वर्षांत आईची स्मरणशक्ती झिजत गेली. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग माणसांची नावं, मग आज वार कुठला ते. अंतोनीचं तोंड बहुतेक वेळ भिंतीकडेच असायचं, कारण त्याला कशासाठी वळवलंय हेही ती विसरायची. कॉलेजच्या ऑफिसातून घरी आले की त्याला सरळ करणं हे माझं पहिलं काम. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते ऐकून घेतलं आणि कुठल्याच संताकडे गाऱ्हाणं नेलं नाही.

हळदीच्या हंगामातली दुपार होती. आईजवळ बसणाऱ्या मावशी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या, खाली आल्या तर दार उघडं आणि आई नाही. मी ऑफिसातून धावत आले. गणपती पेठेत दुकानादुकानांतून विचारलं, चर्चच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला, कृष्णेच्या घाटावर जाऊन आले. घाटावर बायका धुणं धूत होत्या, त्यांना विचारलं, पण पाण्याकडे बघायचा धीर झाला नाही. पोलिसांनी आईचं आधारकार्ड मागितलं, म्हणून परत घरी आले.

स्वयंपाकघरात अंतोनी उभा होता. सकाळी मीच सरळ केलेला, बाळ येशूला कडेवर घेऊन प्रसन्न चेहऱ्याने बघत. मला त्याचा भयंकर राग आला. त्या रागातच त्याला उचललं आणि भिंतीकडे वळवलं. प्रार्थना सुचली नाही. "माझी आई हरवलीय," एवढंच मोठ्याने म्हटलं आणि ओट्याला टेकून रडले. मग आधारकार्ड शोधून निघाले, तर जिन्यातच फोन वाजला. चर्चचे फादर होते. आई चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसली होती.

मी पोहोचले तेव्हा तिच्याशेजारी पिशवी मांडीवर घेतलेल्या एक अनोळखी बाई होत्या. मला बघून त्यांचाच जीव भांड्यात पडला.

"आवं ताई, आटपाडीच्या गाडीत माज्या शेजारी बसल्या व्हत्या आजी," त्या सांगू लागल्या. "हातात माळ, तोंडानं जप. तासगाव आलं तवा मला इचारलं, माजं घर गेलं का मागं? म्या म्हटलं, कुटं ऱ्हाता? तर म्हनल्या, अंतोनीला म्हाईत हाय."

लग्नानंतरची आईची पहिली वर्षं आटपाडीत गेली होती. बाबा तिथे शिक्षक होते. ती तिकडेच निघाली असणार.

"दुसरं कोन असतं तर म्हनलं असतं, म्हातारी भरमिष्ट हाय," त्या बाई पुढे म्हणाल्या. "पर मी साळंला असताना सिस्टरांच्या वसतिगृहात ऱ्हायलेली. अंतोनी कोन, मला ठावं हाय. म्हटलं, चर्चात नेऊ, तितं कुनीतरी वळखंल. तासगावला उतरलो आन् माघारी आलो."

स्वतःच्या घराची वाट सोडून त्या उलट्या आल्या होत्या. मी त्यांचे हात धरले. निदान चहा तरी घ्या म्हटलं, तर शेवटची गाडी चुकेल म्हणून त्या लगबगीने निघाल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याच गाडीत, त्याच बाकावर, अंतोनी ठाऊक असलेली बाई कशी, यावर मी पुष्कळ विचार केला. आता करत नाही.

घरी आल्यावर आईची नजर आधी फळीकडे गेली.

"काय गं, काय हरवलं व्हतं तुजं?"

"सापडलं आई."

"मग वळव की त्येला. किती येळ भिंत बघत हुबा ऱ्हाईल?"

त्यानंतर आई आणखी दूर गेली. मध्यंतरी एका संध्याकाळी घरी आले, तर अंतोनीचं तोंड भिंतीकडे होतं. काय हरवलं म्हणून विचारलं.

"माजी लेक," ती म्हणाली. "तुमी बघितली का कुटं?"

पूर्वीची मी असते, तर मीच तुझी लेक म्हणून हुज्जत घातली असती आणि मूर्तीही सरळ केली असती. त्या दिवशी दोन्ही केलं नाही. जे मला शोधता येणार नव्हतं ते शोधायचं काम ज्याचं त्याच्याकडेच राहू दिलं. तिच्याजवळ बसले आणि जपमाळ सुरू केली. शब्द विसरलेली आई सुरात सूर मिसळत राहिली. मध्येच उठली, भिंतीला धरत फळीपाशी गेली आणि अंतोनीला आमच्याकडे वळवून परत माझ्याजवळ येऊन बसली. मी प्रभूचे आभार मानले आणि जप पुढे चालू ठेवला.